रॅम कमी, शुभेच्छुक जास्त

कोल्हापुरात पेठेतल्या एखाद्या मंडळाच्या अध्यक्षांचा वाढदिवसाचा फ्लेक्स करून बघा, कॉम्प्युटरच्या पोटातलं सगळं आपोआप कळायला लागतं. दहा बाय आठ फुटांचा बोर्ड 72 रेझोल्युशनला, म्हणजे इंचाला 72 ठिपक्यांनी, घेतला तरी 8,640 बाय 6,912 पिक्सेल होतात, म्हणजे जवळजवळ सहा कोटी. छपाईसाठी चार शाईंचा सीएमवायके केला की पिक्सेलमागं चार बाइट. नुसता कोरा भगवा बॅकग्राउंडच 240 एमबीच्या घरात जातो आणि अजून उत्सवमूर्तीचा पत्ता नाही. मग उत्सवमूर्ती येतात, गॉगल लावून. त्यांच्यामागं शुभेच्छुक. एक शुभेच्छुक म्हणजे एक लेयर, फाइलीतला वेगळा थर, आणि लेयर उडवायचा म्हणजे गल्लीत वैर.

माझ्या मशिनाला रॅम, म्हणजे काम करताना फाइल उघडी धरायची जागा, चार जीबी. फोटोशॉप आजकाल निदान आठ मागतं. प्रोसेसर 2012 सालचा आय-थ्री, मदरबोर्ड एच-61. पण मान मोठा. 2019 च्या महापुरात शुक्रवार पेठेत पाणी चढायला लागलं तेव्हा घरातनं पोटमाळ्यावर पहिला हा सीपीयू गेला, सासूबाई नंतर. ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. पंधरा-सोळा मुंडक्यांपर्यंत गडी तग धरायचा, पुढं हार्डडिस्क करकरायला लागायची आणि 'स्क्रॅच डिस्क फुल', म्हणजे डिस्कवरचीही जागा संपली, म्हणून हात वर.

त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट बंद झाला. विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप. आमचा तिसऱ्या पिढीचा, पत्रिकाच जुळेना. राजारामपुरीत नव्या मशिनाचं कोटेशन घेतलं, वाचलं आणि चार घड्या घालून खिशात ठेवलं. एआयची डेटा सेंटरं जगातली रॅम उचलायला लागल्यापासून नव्या रॅमचे भाव असे चढलेत, की दुकानदार आकडा सांगताना स्वतःच खाली बघतो. वर 18 टक्के जीएसटी. मग ठरवलं, जुन्याचीच डागडुजी करायची.

बजेट म्हणजे बायकोला लागलेली भिशी. तिच्या मनात घरघंटी होती.

"दहा हजार. ह्यापुढं एक रुपाया मागायचा न्हाई," ती म्हणाली, "आणि घरघंटीचं पुढच्या भिशीला विसरायचं न्हाई."

ही बातमी फुटली आणि घर तज्ज्ञांनी भरलं. भाचा म्हणाला, "मामा, ग्राफिक्स कार्ड टाका. ग्राफिक्सचंच काम करताय न्हवं? आतनं लाइट लागत्यात, नाद खुळा!" नावात ग्राफिक्स आहे म्हणून ते माझ्या कामाचं, हा युक्तिवाद मला अनेक सुशिक्षित लोकांनीही ऐकवला. आता कोरलमध्ये लग्नपत्रिका लावायची आणि फोटोशॉपात मुंडकी कापायची, एवढ्याला पहिली लागते ती रॅम, मग एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क. कार्ड बसवलं असतं तर वीज पुरवणाऱ्या आमच्या स्वस्तातल्या एसएमपीएसनं त्याच दिवशी धूर काढला असता. पण लाइट लागत नसेल तर त्या खर्चाला कोल्हापुरात किंमत नाही.

रॅमसाठी पहिल्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं डीडीआर-4 ची पट्टी काढली. आमचा बोर्ड डीडीआर-3 चा. तीनला 240 टोकं, चारला 288, आणि मधली खाचही वेगळ्या जागी. मी म्हटलं, ही बसायची नाही. तो म्हणाला, "दाबा की जरा, बसतंय!" हा सल्ला कुस्तीच्या आखाड्यात ठीक आहे. मी पुढच्या दुकानात गेलो आणि जुन्यातल्या आठ-आठच्या दोन पट्ट्या घेतल्या. बोर्डाला खोबणीच दोन आणि पेलतेही सोळाच. वाढवायचा मोह संपला.

बसवायला गल्लीतलाच दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं डबा उघडला आणि आमची सगळी खंडेनवमी बाहेर आली. पंख्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, डीव्हीडीच्या फटीत हळदकुंकू, हीटसिंकवर उदबत्तीची राख. दरवर्षी भक्तिभावानं पूजा केली होती, पुसलं कुणी नव्हतं. त्यानं ब्लोअर मारला, मग पोराच्या कंपासातला खोडरबर मागितला आणि रॅमची सोनेरी टोकं अशी काही घासली, की मला वाटलं आता पट्टीवरचं नावही खोडतोय. जाता जाता बोर्डावरचा बटणाएवढा सेलही बदलला. तो संपल्यापासून हे मशीन रोज सकाळी 1 जानेवारी 2012 म्हणून उठायचं आणि तारीख चुकीची म्हणून बँकेची वेबसाइट दारातच अडवायची.

एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला 550 एमबी लिहिलं होतं. आमच्या बोर्डाच्या साटा-2 या जुन्या जोडणीमधनं त्याच्या निम्माच वेग निघतो. पण जुनी डिस्क मिनिटाला 7,200 गरके मारूनही फाइल शोधत बसायची, हिला गरगरायचंच नाही. विंडोज सुरू होईपर्यंत मी चहा करून, पिऊन, कप विसळून यायचो. आता आधण यायच्या आत स्क्रीन तयार. भिशीतनं मिसळीपुरते पैसेही उरले.

मॉनिटर मात्र जुनाच राहिला. त्याचा टीएन पॅनल समोरून एक रंग दाखवतो, उभ्यानं दुसरा. त्यामुळे खुर्चीवरच्या माझा भगवा आणि पाठीमागं उभ्या अध्यक्षांचा भगवा यांचं अजून जमत नाही. ते म्हणतात, फिका हाय. मी म्हणतो, बसा. बसले की म्हणतात, आता गडद झाला.

परवा तेच आले. एकतीस शुभेच्छुक. मशिनानं एकदाही कुरकूर केली नाही, फाइल चटकन सेव्ह झाली. अध्यक्षांनी पाकीट काढता काढता परत खिशात सरकवलं.

"भावा, हे तर लगेच झालं की. मग पैसे पहिल्याएवढेच कशाचं?"

तेव्हापासून फाइल सेव्ह झाली तरी मी माउसवरचा हात उचलत नाही. कपाळाला आठ्या घालून स्क्रीनकडं बघत बसतो. गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगतो, "लोड घेतंय."