सॅलमँडर दिसलाच पाहिजे!

दुर्मीळ डोंगरी सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा पण बेडकाचा नातलग, बघायला निघालात ना? मग पहार घ्या. दुर्बीण राहू द्या, ती झाडाकडे तोंड करून बसणाऱ्या आळशी पक्षीवाल्यांसाठी. आपलं सावज बोटाएवढं, ओल्या धोंड्याखाली नाहीतर कुजक्या ओंडक्याखाली दडलेलं. दिसेल तो धोंडा उलथा. होता तसा परत ठेवायच्या भानगडीत पडू नका. खाली अंडी राखत बसलेली मादी सापडली तर सोन्याहून पिवळं! ती आठवडेच्या आठवडे जागची हलत नाही, त्यामुळे फोटोही हलत नाही. पुढे ऊन लागून तिथली ओल उडाली आणि अंडी वाळली, तर तो तिचा निष्काळजीपणा.

उचलण्याआधी हाताला सनस्क्रीन आणि डास पळवायचं मलम भरपूर चोपडा. सॅलमँडरांच्या सर्वांत मोठ्या कुळाला फुप्फुसंच नसतात. हे प्राणी कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेतात, तोही कातडी ओली असेल तरच. म्हणजे तुमचं मलम थेट श्वासात. एवढा पाहुणचार त्यांचा कोण करतं?

बूट मात्र धुवू नका. या डोंगराचा चिखल त्या डोंगराला लागला की ओळखपाळख वाढते. नेदरलँड्समधले फायर सॅलमँडर जिच्यामुळे जवळजवळ संपले, ती कातडी खाणारी बुरशी २०१३ साली शास्त्रज्ञांनी ओळखली. मूळची आशियातली, पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात आली असावी, असं मानतात. अमेरिकेने २०१६ मध्ये २०१ जातींची आयातच रोखली. (सरकारं घाबरट असतात. आपण नाही.)

काही अतिशहाणे ग्वाटेमालाचं उदाहरण देतील. तिथला जॅक्सनचा सॅलमँडर १९७५ नंतर कोणाला दिसलाच नव्हता. २०१७ मध्ये तो दिसला, तोही एका वनरक्षकाला, राखून ठेवलेल्या जंगलात. आता त्याच्याकडे असं काय होतं? रोजची पायपीट आणि न तोडलेली झाडं. शनिवार-रविवारच्या सहलीत असली चैन परवडत नाही. उलट झाडं तोडलेली बरी. सावली गेली की पालापाचोळा वाळतो, जमीन तापते आणि शोधायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो, कारण शोधायला काही उरत नाही.

सापडला, की फोटोखाली नेमकी जागा टाका. व्हर्जिनियातला शेनान्डोआ सॅलमँडर तर अख्ख्या जगात फक्त तीन शिखरांवर राहतो. तीनच! गर्दीला पत्ता चुकायचा प्रश्नच नाही. खालच्या अंगाला त्याचा लालपाठी चुलतभाऊ जागा अडवून बसलाय, आणि हवा तापत चालली आहे. वर सरकावं, तर शिखराच्या वर डोंगर नसतो, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तुम्हीही सांगू नका. फोटो हलेल.