रणगाडा आहे हो, खेळणे नव्हे!

परवा घरी पोहोचलेल्या पार्सलवर सीमाशुल्काची जी पावती चिकटवलेली होती, तिच्यावर मालाच्या वर्णनाच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘खेळणी’. आत सेंच्युरियन रणगाड्याच्या १:३५ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या, प्रतिकृतीचे घरी जोडायचे किट होते, शेकडो सुट्या भागांचे, आणि त्याच्यासोबत स्वतंत्र मागवलेली तोफेची धातूची नळी व पितळी फोटो-एचची (पातळ पत्र्यात कोरलेल्या बारीक भागांची) एक पट्टी. किटच्या किमतीला जवळजवळ गाठणारे शुल्क मी मुकाट्याने भरले, कारण न भरून जाणार कुठे? पण खेळणे म्हणून पैसे घेतलेत, तर निदान पोरांची खेळणी हाताळतात तितक्या मायेने तरी हाताळायचे होते. डबा एका कडेने कटरने चिरलेला, आतल्या एकूण एक पिशव्या फाडलेल्या, स्प्रू (सुटे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी) एकमेकांवर घासून ओरखडलेले. उत्पादकाने जाड पुठ्ठ्यावर बसवून पाठवलेली ती पितळी पट्टी पुठ्ठ्यावरून उपटून काढली होती (तिच्याखाली सोन्याची बिस्किटे सापडतील अशी अपेक्षा होती की काय, देव जाणे) आणि परत घालताना तिरकी कोंबली होती. हेडलाइटवरच्या संरक्षक जाळ्या, ज्यांची एकेक पट्टी केसापेक्षा फार जाड नसते, त्या मधोमध दुमडलेल्या. वर सगळ्यावर तपकिरी चिकटपट्टीचे असे उदार वेष्टन, की ती ओढताना डब्यावरचे सुंदर चित्रही सोलून आले.

त्याआधीचा फोन तर मी जन्मात विसरणार नाही. कुरिअर कंपनीकडून बोलणारा तरुण अत्यंत नम्र होता, आणि तीच पंचाईत होती, कारण नम्र माणसावर ओरडता येत नाही. “सर, इनव्हॉइसवर ‘गन बॅरल’ असं लिहिलंय. हे काय आहे?” मी सांगितले की ती प्रतिकृतीची नळी आहे. “म्हणजे टॉय गन आहे का, सर?” इथे माझा तोल गेला आणि मी म्हणालो, “अहो, टॉय कसलं, रणगाडा आहे तो!” पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. नंतर अत्यंत सावध आवाजात मला सांगण्यात आले, की वस्तूच्या वापराचा हेतू स्पष्ट करणारे स्वाक्षरीचे पत्र आणि ओळखपत्राची प्रत पाठवावी लागेल. सेंच्युरियनची ती वीस पौंडी तोफ प्रत्यक्षात ८४ मिलिमीटरची. तिला ३५ ने भागले की नळीचे भोक भरते सुमारे २.४ मिलिमीटर. त्यातून अगरबत्तीची काडी झाडता आली तरी पुष्कळ झाले. तरीही मी पत्र लिहिले. ‘वापराचा हेतू’ या शीर्षकाखाली काय लिहावे यावर बराच विचार करून शेवटी ‘कपाटात मांडून ठेवणे’ असे लिहिले आणि खाली सही केली. ते पत्र कुणीतरी वाचून फाइलला लावले असेल, या कल्पनेने अजूनही अंगावर काटा येतो.

शस्त्राचा संशय फिटला, तर पुढच्या फोनवर तीच वस्तू खेळणे ठरली होती, आणि खेळणे म्हटल्यावर प्रश्न आला, “यावर आयएसआय मार्क आहे का?” खेळण्यांवर हा मार्क सक्तीचा करणारा सरकारी आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि तो १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. माझ्या डब्यावर ‘१४ वर्षांपुढील व्यक्तींसाठी’ असे ठळक छापलेले होते. मी त्या छपाईचे छायाचित्र काढवून घेतले, पाठवायला लावले, त्यावर बाण काढून परत पाठवले. एकच डबा सोमवारी शस्त्रागार आणि बुधवारी पाळणाघर! दोन्हींचा त्रास माझ्या वाट्याला, आणि सवलत मात्र एकाचीही नाही.

कायद्यात याची सोय आधीच करून ठेवलेली आहे, हे मी रागाच्या भरात वाचून काढले. सीमाशुल्काच्या यादीत ९५०३ हे शीर्षक आहे. त्यात तीनचाकी सायकली आहेत, पायाने ढकलायच्या स्कूटर आहेत, बाहुल्यांच्या ढकलगाड्या आहेत, बाहुल्या आहेत, सर्व प्रकारची कोडी आहेत, आणि यांच्याच पंगतीत, बाहुलीच्या मांडीला मांडी लावून, ‘लहान प्रमाणातील प्रतिकृती’ बसवलेल्या आहेत. २०२० च्या अर्थसंकल्पात या शीर्षकाखालचे मूळ शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के केले. हेतू देशी खेळणी उद्योगाला संरक्षण देण्याचा होता, आणि त्याला माझी अजिबात हरकत नाही. परंतु सेंच्युरियनचे किट काढणारा तो देशी उद्योग कुठे आहे, हे कुणी मला हाताला धरून दाखवावे. मी त्याच्या दारात रांगेत उभा राहीन. ज्या रणगाड्यावर आपल्या लष्कराच्या पूना हॉर्स या रेजिमेंटने १९६५ साली फिलोरा आणि चविंडा लढवले, ज्याच्यातून १६ डिसेंबर १९७१ रोजी पुण्यात जन्मलेला एकवीस वर्षांचा अरुण खेत्रपाल बसंतरच्या लढाईत उतरला आणि परमवीरचक्राचा मानकरी ठरला, त्या रणगाड्याचे किट आपल्याकडे कुणी काढत नाही. ते परदेशात निघते, आणि तिथून मागवले की ते बाहुलीच्या ढकलगाडीच्या भावाने मोजले जाते. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून दोन हजारांहून अधिक निघालेल्या आपल्या विजयंत रणगाड्याचे तर नावच काढू नये. उलट जर्मनांनी सगळ्या युद्धात जेमतेम तेराशेच्या वर बनवलेला टायगर पाहा : पहिल्या उत्पादनातला, मधल्या, शेवटच्या, आफ्रिकेतला, कुर्स्कचा, आतल्या आसनांसह, आसनांशिवाय. जगातल्या प्रत्येक कंपनीला दर वर्षी नव्या टायगरचे डोहाळे लागतात.

सरकारी कचेरीवरच राग काढून उपयोग नाही, कारण तिने घरातल्याच लोकांचे मत छापून ठेवले आहे. येणारा प्रत्येक पाहुणा कपाटासमोर उभा राहून ठरलेले तीन प्रश्न विचारतो : हे चालतं का, रेडीमेड मिळत नाही का, आणि केवढ्याला पडलं. तिसऱ्याचे उत्तर खरे दिले तर घरात वेगळेच युद्ध पेटते. एका वहिनींनी तर मनापासून सुचवले, की एवढी मेहनत केली आहे, तर दिवाळीत मुलांच्या किल्ल्यावर का नाही ठेवत? मावळ्यांच्या शेजारी सेंच्युरियन! मातीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा शिवाजी महाराज उंच असतात, हे मी लहानपणापासून भक्तिभावाने मान्य करत आलो आहे, पण तिथे माझा रणगाडा नेणार नाही. त्या वहिनींच्याच चिरंजिवांनी पुढच्या भेटीत “काका, तोफ फिरते का?” असे विचारून उत्तराची वाट न पाहता तोफ फिरवली. फिरत नव्हती. मी ती चिकटवलेली होती.

आणि रंग! लॅकर, इनॅमल, स्प्रेचे डबे ही ज्वलनशील द्रव्ये असल्याने विमानाने पाठवायला विक्रेते तयारच नसतात, आणि गल्लीतल्या दुकानात चौकशी केली की समोरचा माणूस कापडावर फुले रंगवायच्या बाटल्या काउंटरवर मांडून “हेच चालतं सगळ्यांना” असे सांगतो. ते रंगाचा फवारा मारायच्या एअरब्रशमधून एकदा मारले, की नोझल साफ करण्यात रविवार खर्ची पडतो. कशीबशी मिळवलेली मॅट वार्निशची शेवटची बाटली जुलैत उघडावी, तर हवेतल्या दमटपणाने कोट वाळता वाळता पांढुरका पडतो आणि गर्द हिरवा रणगाडा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसू लागतो. यावर “मग पावसाळ्यानंतर करायचं ना” असे सांगणारे लोक मला आवडत नाहीत.

हे सगळे मी घरी तावातावाने ऐकवत असताना सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, की ‘खेळणं म्हणू नका’ असे म्हणून गाल फुगवून बसणाऱ्या माणसाला दुसरे काय म्हणावे. कपाळावर भिंगांचा पट्टा, हातात चिमटा, गुडघ्यावर बसून फरशीवर तीन मिलिमीटरचा हुक शोधणारा मी. या अवस्थेत प्रतिष्ठेचा मुद्दा लावून धरणे मुळातच अवघड होते. बांधणी चालू असताना टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, बसवून ती डावी-उजवीकडे फिरवून बघावी लागते. त्या वेळी मी तोंडाने मोटारीचा आवाज काढतो, असा आरोप आहे. ती तपासणीची पद्धत आहे, हे माझे स्पष्टीकरण अद्याप कुणी स्वीकारलेले नाही. भरीस भर म्हणजे ज्या १:३५ या प्रमाणाला मी सोवळ्यासारखा जपतो, ते एका जपानी कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेल्या पँथर रणगाड्यापासून रूढ झाले, आणि त्या पँथरचा आकार आत मोटर व बॅटऱ्या मावाव्यात म्हणून ठरवलेला होता. म्हणजे तो चालायचा. पाहुण्यांचा पहिला प्रश्न ऐतिहासिकदृष्ट्या रास्त आहे, हे मी त्यांना कधीही कळू देणार नाही.

पण म्हणून पितळी पट्टी दुमडायची? ती गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून मऊ केली, काचेच्या तुकड्यावर ठेवून पट्टीने दाबली. एक जाळी सरळ झाली, दुसरीची कडी हातात आली. आता ती तांब्याच्या तारेने करायची आहे, आणि वहिनींना ती लांबून सारखीच दिसणार आहे, ही गोष्टच मला सर्वांत जास्त झोंबते.

भारतीय क्रमांकांचा डेकलचा (प्रतिकृतीवर उतरवायच्या छापील चिन्हांचा) कागद अजून वाटेत आहे. डेकल ९५०३ मध्ये येत नाहीत. ते ४९०८ मध्ये, छापील वस्तूंच्या प्रकरणात येतात. त्या पानाची छापील प्रत मी काढून ठेवली आहे, फोन आला की आकडा आणि वर्णन तोंडपाठ सांगता येईल इतके वाचलेही आहे, आणि या वेळी ‘रणगाडा’ हा शब्द तोंडातून निघू द्यायचा नाही असे घरून बजावण्यात आले आहे.