मोबाइल काढून घेण्याआधी

२०२४ च्या डिसेंबरअखेर धाराशिव जिल्ह्यातल्या तीन शाळकरी मुलींची बातमी देशभर गेली. अकरा ते तेरा वर्षांच्या या मुली पुण्याकडे जाणाऱ्या एसटीत बसल्या होत्या आणि आपल्याला जबरदस्तीने पळवून नेले आहे असा बनाव त्यांनी रचला होता. पोलिसांनी फोनचा माग काढला आणि सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या बसस्थानकावर, तिथे दुकान चालवणाऱ्या एका बाईंच्या मदतीने, त्यांना सुखरूप उतरवून घेतले. पुण्यात काम करायचे, पैसे साठवायचे, दक्षिण कोरियाला जायचे आणि बीटीएस या सात तरुणांच्या गटातल्या आवडत्या गायकांना भेटायचे, असा त्यांचा बेत होता. त्याच वर्षी जानेवारीत तामिळनाडूतल्या करूर जिल्ह्यातल्या तीन मुलीही अशाच निघाल्या होत्या. त्यांना तर विशाखापट्टणमहून जहाजाने कोरिया गाठायचा होता.

मी मूळची उदगीरची, आता सोलजवळच्या सुवोन शहरात राहते. त्यामुळे ही बातमी मला नात्यातल्या आणि शाळेतल्या जुन्या ओळखीच्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने पाठवली, आणि त्यासोबत प्रत्येकाचे मतही आले. मुलींच्या हातात मोबाइल देणेच चूक, हे सर्वांत जोरात मांडलेले मत. परक्या देशाचे वारे लागले, हे दुसरे. ओठांना रंग लावणाऱ्या पोरांमध्ये मुलींना काय दिसते कोण जाणे, हे तिसरे, आणि ते बहुतेक पुरुषांचे. एका निवृत्त गुरुजींनी तर मुलींच्या वह्यांवरची चित्रे शाळेने तपासावीत, असे लिहिले. त्या मुलींच्या आईवडिलांवर ते काही तास कसे गेले असतील याची कल्पना कोणालाही करता येईल, आणि म्हणून या रागाला मी हलके मानत नाही. तरीही हा राग चुकीच्या जागी पडतो आहे, असे मला इथून स्पष्ट दिसते.

त्या डिसेंबरात त्या मुली खरोखर सोलला पोहोचल्या असत्या, तर त्यांना जवळजवळ कोणीच भेटले नसते. दक्षिण कोरियात सक्षम तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते, आणि बीटीएसचे सदस्यही २०२२ च्या डिसेंबरपासून एकामागून एक सेवेत गेले होते. मुली निघाल्या तेव्हा जिन आणि जे-होप हे दोघेच परतले होते. आरएम, व्ही, जिमिन आणि जंगकुक सैन्यात होते, शुगा पर्यायी नागरी सेवेत होता, आणि हे पाचही जण २०२५ च्या जूनमध्ये मोकळे झाले. या चाहत्यांच्या जगात ही माहिती प्रत्येकीला तोंडपाठ होती. कोण कोणत्या तारखेला सुटणार याचे दिवस मोजले जात, आणि सुटकेच्या दिवशी लष्करी तळाबाहेर गर्दी करू नका ही गटाच्या कंपनीची सूचना अनेक भाषांमधून फिरवली जाई. तिघींपैकी एकीचीही अशा एखाद्या जाणत्या चाहतीशी मनमोकळी गाठ असती, तर तिने आधी ही बातमी सांगितली असती आणि मग पासपोर्ट म्हणजे काय हे समजावले असते. मुलींजवळ गाणी पोहोचली होती, गाण्यांभोवतीचे बोलणे पोहोचले नव्हते, आणि मला काळजी वाटते ती याची. मोबाइल हिसकावून आपण नेमके ते बोलणे आणखी तोडतो.

या बोलण्यात असते तरी काय, हे घरच्या वादात कोणी विचारत नाही. बीटीएसने १३ जून २०१३ रोजी पहिले पाऊल टाकले, तेव्हा त्यांची कंपनी लहान होती आणि मोठ्या वाहिन्यांचे दरवाजे सहज उघडत नव्हते. नाव पसरले ते मुख्यतः चाहत्यांमुळे. ‘दाउम’ या कोरियन संकेतस्थळावरच्या त्यांच्या चाहता-मंडळात पूर्ण प्रवेश मिळवण्यासाठी गटाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत, आणि परदेशी मुली त्या प्रश्नपत्रिकेसाठी कोरियन लिपी शिकत. २०१९ मध्ये ‘वीव्हर्स’ हे व्यासपीठ आले आणि दार सर्वांना उघडले, पण अभ्यासाची सवय मोडली नाही. आजही एखादा सदस्य थेट प्रक्षेपणात बोलला की थोड्याच वेळात त्याचा मजकूर इंग्रजी, हिंदी, तमिळ अशा भाषांत उतरलेला असतो, आणि हे काम मुली विनामोबदला करतात. बातमी आली की पहिला प्रश्न असतो, हे कंपनीने सांगितले की कोणीतरी उठवून दिले? आपल्या गावागावांतल्या राजकीय गटांवर हा प्रश्न किती वेळा विचारला जातो?

माझी भाची लातूरला शिकवणी वर्गासाठी वसतिगृहात राहते. नीटची तयारी, सकाळपासून रात्रीपर्यंत वर्ग आणि चाचण्या, आणि झोपण्यापूर्वी मिळणारा थोडा वेळ. त्या वेळात ती बीड, परभणी, नांदेडच्या आपल्यासारख्याच मुलींशी बीटीएसविषयी बोलते. गेल्या वर्षी तिने मला विचारले, “मावशी, ०६२-५१८ चा पूर्ण अर्थ तुझ्या तिथल्या लोकांना विचारशील का?” हा आकडा गटाच्या २०१५ च्या एका गाण्यात येतो. ०६२ हा ग्वांगजू शहराचा दूरध्वनी संकेतांक, आणि ५१८ म्हणजे १८ मे. १९८० मध्ये त्या दिवसापासून लष्करी राजवटीविरुद्ध ग्वांगजूचे विद्यार्थी आणि नागरिक रस्त्यावर उतरले, सैन्याने त्यांच्यावर गोळ्या चालवल्या, आणि २७ मे रोजी उठाव चिरडून टाकला. पुढे कितीतरी वर्षे त्याविषयी उघड बोलणेही धोक्याचे होते. जे-होप ग्वांगजूचा, म्हणून त्याने आपल्या वाट्याच्या ओळींत तो आकडा घातला, आणि चाहत्यांनी त्याचा अर्थ जगभर पोहोचवला. भाचीला हे सारे आधीच ठाऊक होते. तिला जाणून घ्यायचे होते ते एवढेच की, आज ग्वांगजूची माणसे त्याविषयी घरात बोलतात का.

माझ्या प्रयोगशाळेत ग्वांगजूचे एक वयस्क सहकारी आहेत. त्यांना मी विचारले, तर ते बराच वेळ बोलले, आणि मी ते सगळे तिला लिहून पाठवले. त्या निमित्ताने मी तिला १७ सप्टेंबर १९४८ ची आठवण करून दिली. मराठवाडा मुक्तिदिनाचे झेंडावंदन तिने दर वर्षी पाहिले होते. पण हैदराबाद संस्थान, रझाकार, सरहद्दीवरच्या शिबिरांतून लढणारे तरुण, हे तिच्यासाठी भाषणातले शब्द होते. आता ती तिच्या आजोबांना विचारू लागली आहे. तिने मैत्रिणींना ग्वांगजूविषयी लिहिले आणि त्याखाली आपल्या गावातल्या हुतात्मा स्मारकाविषयीही लिहिले. हे ज्या छंदातून घडते त्याला परकीय वारे म्हणून मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते.

आणखी एक गोष्ट मराठवाड्याच्या माणसाने ध्यानात घ्यावी अशी आहे. हा गट राजधानीच्या मुलांचा म्हणून वाढलेला नाही. शुगा आणि व्ही देगूचे, जिमिन आणि जंगकुक बुसानचे, जे-होप ग्वांगजूचा. सोलमध्ये या भागांची बोली ऐकली की माणूस बाहेरचा हे लगेच कळते, आणि गटाने सुरुवातीच्या काळात या प्रादेशिक बोलींची जुगलबंदीच गाण्यात मांडली होती. पुण्यात शिकायला गेल्यावर आपल्या बोलण्यावर कोणी हसेल म्हणून पहिले काही महिने गप्प बसलेली मराठवाड्याची मुले मी पाहिली आहेत, त्यांत मीही होते. त्या मुलींना या सातजणांमध्ये काय दिसते, याचे एक उत्तर इथे आहे.

ओठांच्या रंगाविषयीचे मत मी फार लांबवत नाही. ज्यांच्या पुरुषपणावर आपल्याकडे शंका घेतली जाते, ते सगळे आपल्या देशाची सेवा करून आले आहेत. मला जास्त खटकते ते मोजमाप. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या चौकात नेत्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यावर शुभेच्छुकांचे चेहरे दाटीने बसवलेले असतात, क्रिकेटच्या सामन्यासाठी कामे थांबतात, नटाच्या चित्रपटासाठी पहाटेच्या खेळाला रांगा लागतात, आणि यातल्या कशालाही आपण आजार म्हणत नाही. सोलच्या मेट्रो स्थानकांवरही गायकांच्या वाढदिवसाच्या जाहिराती झळकतात, त्या चाहत्यांनी वर्गणी काढून लावलेल्या असतात. इथे कार्यक्रमाच्या दिवशी कलाकाराच्या नावाने तांदळाची पोती दान देण्याची रीतही चाहत्यांनी रुजवली आहे. जून २०२० मध्ये बीटीएस आणि कंपनीने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तेव्हा चाहत्यांनी साधारण एका दिवसात तितकीच रक्कम जमवली. भारतातल्या चाहत्यांनी २०२१ च्या कोविड लाटेत मदतनिधी उभा केला, त्यात शाळा-महाविद्यालयांतल्या मुलींचे खाऊचे पैसे होते. हे करणाऱ्या बहुतांशी मुली आहेत, आणि आपल्याकडे मुलींची आवड नेहमी कमी तोलाची ठरते, असे मी विचारपूर्वक म्हणते.

कोरियात सगळे आलबेल आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. गायकांच्या घरापर्यंत पाठलाग करणारे लोक इथे आहेत. निनावी टोमण्यांनी माणसे खचली आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये सल्ली या तरुण गायिकेचा मृत्यू झाला, त्यानंतर ‘दाउम’ने मनोरंजनाच्या बातम्यांखालील प्रतिक्रिया बंद केल्या, आणि मार्च २०२० मध्ये ‘नेव्हर’ या दुसऱ्या मोठ्या कोरियन संकेतस्थळानेही तेच केले. इतक्या मोठ्या संस्थांनी स्वतःहून लोकांचे बोलणे थांबवले, यावरून विष किती साचले होते हे कळते. ऑगस्ट २०२४ मध्ये शुगाने मद्यपान करून विजेवरची स्कूटर चालवली. सोलच्या न्यायालयाने त्याला दीड कोटी वॉनचा दंड ठोठावला. त्या वेळी कोरियातल्या काही चाहत्यांनी कंपनीच्या योंगसानमधील इमारतीबाहेर, त्याने गट सोडावा असे लिहिलेली पुष्पचक्रे मांडली, तर परदेशातल्या चाहत्यांनी त्याच्या पाठिंब्याचा पूर आणला. मी तो वाद नीट वाचला. इथल्या लोकांना मद्यपान करून वाहन चालवण्याचा संताप होता आणि सेवेत असताना हे केल्याचा अधिकच. बाहेरच्यांना इथल्या वृत्तपत्रांची निर्दयता दिसत होती. माझे मत इथल्यांच्या बाजूला झुकते, चूक गंभीर होती. पण एका चुकीसाठी माणसाला कायमचे हाकलावे, हे मला पटले नाही. भाची सुरुवातीला शुगाविरुद्ध शब्द ऐकून घ्यायला तयार नव्हती. मैत्रिणींशी आठवडाभर भांडल्यानंतर तिने मान्य केले की, आवडत्या माणसाला दंड झाला तर तो भरावाच लागतो. हे मत तिला कोणी दिले नव्हते. ते भांडणातून आले.

तेव्हा घरच्यांकडे माझे मागणे काय आहे, तर मुलींच्या या बोलण्यात एखादे मोठे माणूस असावे. पाळत ठेवायला म्हणून नाही, ऐकायला म्हणून. ते माणूस आई असेल, मावशी असेल, शाळेतल्या इंग्रजीच्या किंवा इतिहासाच्या बाई असतील. लातूरसारख्या शहरात हजारो मुली घरापासून दूर एकेका खोलीत राहतात, आणि त्यांच्या दिवसाच्या वेळापत्रकात गाण्याला, नाचाला, नुसत्या गप्पांना जागाच ठेवलेली नाही. जागा नाही म्हणून ते सारे रात्री पांघरुणाखाली जाते. तालुक्याच्या वाचनालयात रविवारी दुपारी या मुलींना एक टेबल मिळाले, त्यांनी आपापली गाणी ऐकवली, त्यांचा अर्थ सांगितला, आणि कोरियाला शिकायला जाण्यासाठी खरोखर काय लागते हे कोणी त्यांना समजावले, तर खर्च जवळजवळ काहीच नाही. कोरियन सरकार परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते, त्यासाठी गुणपत्रिका आणि अर्ज लागतो, एसटीचे तिकीट नव्हे. हे सांगायला मी तयार आहे, आणि इथे शिकणारी मराठवाड्याची आणखीही मुले तयार होतील.

पैशांच्या बाबतीत मात्र मी बहिणीच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या, बाजूने आहे. अल्बमच्या पाकिटात कोणाचे छायाचित्र निघेल हे आधी कळत नाही, आणि हव्या त्या चेहऱ्यासाठी मुली एकच अल्बम पुन्हा पुन्हा विकत घेतात. ही विक्रीची युक्ती लहान मुलांच्या ओढीवर चालते, आणि इथले पालकही तिच्याविषयी कुरकुरतात. भाचीने चार वेगवेगळ्या आवृत्त्या मागवल्या होत्या. एकच पाठवीन, आणि तीही वर्षातून एकदा, असे मी तिला सांगितले. तिचे म्हणणे असे की, नांदेडच्या मैत्रिणीशी अदलाबदल करण्यासाठी निदान दोन तरी हवेत, आणि बहिणीचे म्हणणे असे की एकही नको. दोघींचे हे बोलणे दर रविवारी माझ्या फोनवर चालते.