कंसातला मेलेला पार्टनर

रविवारी सकाळी नागपुरात लक्ष्मीभुवन चौकाच्या अलीकडे आमचा कट्टा भरतो. तर्री-पोह्याची पहिली प्लेट राजकारणाची, दुसरी क्रिकेटची. परवा मात्र मेडिकलवाल्यानं पहिल्याच प्लेटला भूत काढलं.

"रात्री एक जुनी इंग्रजी सिरियल पाहून राहिलो होतो. १९६९ ची. 'रँडल अँड हॉपकर्क', आन् पुढे कंसात 'डिसीज्ड', म्हंजे मेलेला. दोघं पार्टनर, प्रायव्हेट डिटेक्टिव्ह. पहिल्याच भागात हॉपकर्कले गाडी उडवते. मंग तो भूत होऊन येते आन् रँडलच्या मागं लागते, का माह्या खुनाचा छडा लाव."

"हे तं पेपर फुटल्यावर परीक्षा देणं झालं," मास्तर म्हणाला. "भिंतीतून आत जायचं, पाहून यायचं. यात डोकं कुठी लागते?"

मास्तर विज्ञान शिकवतो म्हणून असं बोलतो, असं कोणी समजू नये. रोनाल्ड नॉक्सनं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, त्यातला दुसराच नियम भुताखेतांना दाराबाहेर ठेवतो. नॉक्स स्वतः रहस्यकथा लिहायचा आणि पेशानं पाद्री होता. आत्म्यांचा ज्याचा रोजचा संबंध, त्यानंच त्यांना गोष्टीत यायची बंदी करावी, ही मला तरी मजेची गोष्ट वाटते.

वकिलानं लिंबू पिळलं. "अबे, पण ते भूत दिसते कोणाले? एकट्या रँडलले. माहीत असणं आन् सिद्ध करणं, याच्या मधात हायकोर्टाच्या पायऱ्या आहेत. मेलेल्याचं म्हणणं पुराव्यात येते, जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं कलम ३२. पण ते मरायच्या आधी बोललेलं. मेल्यावर काय बोलला ते मी सांगाले गेलो, तं जज मलेच पागलखाना चौकात सोडून देईन."

"तसंच होते ना बे!" मेडिकलवाला उसळला. एका भागात म्हणे रँडल हवेशी बोलतो म्हणून त्याला खरंच मानसिक रुग्णांच्या दवाखान्यात भरती करतात.

मी ती मालिका पूर्वी पाहिली आहे, २६ पैकी बरेचसे भाग. मला वाटतं वकिलानं नस बरोबर पकडली. हॉपकर्कला टेबलावरचा पेन उचलता येत नाही, फार तर वाऱ्याचा झोत सोडतो. खुनी कोण ते त्याला दिसतं, पण दार ठोठावायचं रँडलनं, मारही खायचा रँडलनं. रँडल झालेल्या माईक प्रॅटचा तो रात्रभर न झोपल्यासारखा चेहरा, आणि बाजूला पांढऱ्याफेक सुटातला, हॉपकर्क झालेला केनेथ कोप, लग्नाला निघाल्यासारखा. पहिल्या रात्री सूर्योदयाआधी कबरीत परतला नाही, म्हणून १०० वर्षं इथंच भटकायची शिक्षा. भुताला वेळेवर घरी यायचा नियम आहे, हेच मुळी हसवतं. तिसऱ्या माणसासमोर रँडल चुकून भुताला उत्तर देतो आणि मग सारवासारव करतो, तिथं मी दर वेळी हसलो आहे.

"आमच्या टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह करमचंदले नाही लागलं भूत," मास्तर हटेना. "१९८५ साली गाजरावर भागलं त्याचं. हसूही आलं, खुनीही सापडला."

"आन् वेताळ?" मी म्हणालो. "पंचवीस गोष्टी. हकिगत सगळी भूत सांगते, निवाडा राजाले करा लागते. तुह्या हिशोबानं विक्रमाचाही पेपर फुटला होता का?"

मास्तरनं तर्री मागवली. हरला की तो तर्री मागवतो.

२००० मध्ये मालिका नव्यानं काढली गेली. ती आमच्यात कोणीच पाहिलेली नव्हती, म्हणून तिच्यावर वाद झाला नाही. आमच्या कट्ट्यावर ही दुर्मिळ गोष्ट.

मग मेडिकलवाला जीनीवर आला. हॉपकर्कची बायको. ती त्याच ऑफिसात काम करते. नवरा समोर उभा, आणि तिला पत्ता नाही. कोणी तिच्याशी गोड बोललं की हा जळतो, रँडलला हैराण करतो.

"कॉमेडी आहे ती," मास्तर म्हणाला.

"हाव ना. म्हणून तं पाहू शकलो."

यावर वकील काही बोलणार होता, पण थांबला. मेडिकलवाल्याचा पार्टनर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. बोर्डावर अजून दोघांची नावं आहेत.

"सकाळी शटर वर करताना मी त्याले रोज शिव्या देतो," मेडिकलवाला प्लेट पुसत म्हणाला. "अर्धी उधारी त्याच्या दोस्तांची आहे."

"मंग, काही म्हणते का तो?" वकिलानं विचारलं.

"म्हणते ना. जाऊ दे बे, मांगू नको म्हणते." तो उठला, खिसे चाचपले. "आजचे पैसे तू दे. माह्याजवळ सुटे नाहीत."