एक्झिमा आणि स्वॅबचा रिपोर्ट: अर्ध्या खऱ्याचा धोका

'एक्झिमा म्हणजे त्वचेवरचे जंतू. स्वॅब तपासा, स्टॅफिलोकोकस निघाला तर अँटिबायोटिक घ्या, जंतुनाशक साबणाने रोज घासून आंघोळ करा. जंतू गेले की एक्झिमा गेला, स्टेरॉइड मलम हवंच कशाला?' हा मजकूर सध्या खूप फिरतोय. तो वाचून लोक चालू मलम बंद करतात, म्हणून हे लिहितोय.

'स्टॅफिलोकोकस निघाला, म्हणजे कारण सापडलं.' नाही. एक्झिमा असलेल्या साधारण ७० टक्के लोकांच्या चट्ट्यांवर स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडतो, हे खरं. पण त्यांच्याच चट्टे नसलेल्या त्वचेवरही तो जवळपास ३९ टक्क्यांत सापडतो. एकही चट्टा नसलेल्या कित्येकांच्या नाकात तो कायम मुक्कामाला असतो. स्वॅबची, म्हणजे नमुना घ्यायची कापसाची काडी कोपराच्या खळगीत फिरवली आणि प्रयोगशाळेत त्यातून जंतू वाढला, तर तो तिथे होता एवढंच कळतं. संसर्ग झालाय का, हे पू, मधासारख्या पिवळ्या खपल्या, वाढतं दुखणं आणि ताप पाहून ठरतं.

'जिवाणूंच्या जनुकीय चाचणीत स्टॅफिलोकोकसचे (थोडक्यात स्टॅफचे) टक्के वाढले, म्हणजे आजार वाढला.' इथे बरेच जण फसतात. त्वचेवरच्या जिवाणूंचा डीएनए वाचणाऱ्या अशा चाचणीत बहुतेक वेळा प्रत्येकाचा वाटा कळतो, संख्या नाही. स्टॅफचा वाटा ३० वरून ६० टक्के झाला, तर तो वाढला असेल किंवा बाकीचे जिवाणू मेले असतील. शिवाय त्वचेतला दाह, म्हणजे लाली आणि सूज आणणारी शरीराची प्रतिक्रिया, या चाचणीत दिसतच नाही, तो वेगळा मोजावा लागतो. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा चट्ट्यावर दाबून अलगद सोलतात. असं एकाच जागी अनेकदा केलं की पट्ट्यांवर आलेल्या पांढुरक्या थरात दाहाची रसायनं मोजता येतात. डोळ्यांनी मोजायची ईझी नावाची ० ते ७२ गुणांची पद्धतही आहे. तिच्यात लाली, जाडी, ओरखडे पाहतात. सावळ्या त्वचेवर मात्र लाली तपकिरी किंवा जांभळट दिसते आणि गुण कमी पडतात. हे तपासणाऱ्याने लक्षात ठेवलंच पाहिजे.

'आधी जंतू, मग दाह.' हे दोन्हीकडून चालतं. स्टॅफची विषं त्वचेचं आवरण फोडतात, खाज वाढवतात. पण दाहातली इंटरल्यूकिन-४ आणि १३ ही रसायनं त्वचेची स्वतःची जंतुनाशक प्रथिनंच कमी करतात, मग स्टॅफला रान मोकळं मिळतं. अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेलं डुपिलुमॅब हे एक्झिमाचं औषध एकही जंतू मारत नाही, फक्त या दोन रसायनांचा संदेश अडवतं. तरी ते घेणाऱ्यांच्या त्वचेवरचा स्टॅफ कमी होतो, इतर जिवाणूंची विविधता वाढते. माझ्या मते या दाव्याला याहून नेमकं उत्तर नाही.

'अँटिबायोटिक आणि साबण पुरेत.' ब्रिटनमध्ये सौम्य संसर्गाची लक्षणं असलेल्या ११३ एक्झिमाग्रस्त मुलांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल छापला. सगळ्यांना स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझर होतंच, वरून दिलेल्या अँटिबायोटिकने ठळक फायदा दिसला नाही. घासून लावलेला साबण तर आम्लधर्मी त्वचेला अल्कधर्मी करतो, आणि स्टॅफला रोखणारे स्टॅफिलोकोकस होमिनिससारखे कामाचे जिवाणूही नेतो.

पू, ताप किंवा अचानक उठलेले दुखरे फोडांचे पुंजके दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी कुणी स्वॅबचा रिपोर्ट पुढे केला तर विचारा: काडी नेमकी कुठे फिरवली, आणि त्या दिवशी ती जागा कशी दिसत होती?