डेटा सेंटरं जोडून भूकंपाची तारीख निघत नाही

ठाणे-नवी मुंबईच्या सोसायटी ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की भूकंपाचं सिम्युलेशन (म्हणजे गणिती नक्कल) आता कॉम्प्युटरवर होतं, मग ऐरोली-महापेची सगळी डेटा सेंटरं एक रात्र जोडली की पुढच्या भूकंपाची तारीख निघेल, आणि सरकार ती लपवतंय. घरातली म्हातारी माणसं हे वाचून घाबरतायत म्हणून लिहितोय.

आधी तारखेचं बघू. सिम्युलेशनमध्ये भूकंप आपणच घालतो, फॉल्ट (जमिनीखालची खडकाची भेग) कुठे आणि किती सरकला ते द्यावं लागतं, मग लाटा कशा पसरतील ते कॉम्प्युटर काढतो. म्हणजे तारीख त्यातून निघतच नाही, मग लपवायचं काय? २०१७ चं गॉर्डन बेल प्राइझ (सुपरकॉम्प्युटरवरच्या कामाचं मोठं बक्षीस) मिळालेल्या कामात चीनच्या सनवे तायहूलाइट या सुपरकॉम्प्युटरवर १ कोटीहून जास्त कोअर (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग) लावले होते, आणि काढला तो १९७६ चा चीनमधल्या तांगशानचा भूकंप, म्हणजे होऊन ४१ वर्षं झालेला!

"जितक्या मशीन तितकं फास्ट" हेही खरं नाही. ५० बाय ५० किलोमीटर, २० किलोमीटर खोल एवढा भाग घ्या, लाटेचं गणित करायला २० मीटरला एक पॉइंट धरला तरी ६२५ कोटी पॉइंट. त्याचे ठोकळे करून प्रोसेसरना वाटतात, पण लाट ठोकळ्याच्या कडेला थांबत नाही ना, म्हणून प्रत्येक टाइमस्टेपला (गणितातल्या वेळेच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला) कडेचे आकडे शेजारच्या प्रोसेसरला द्यावेच लागतात. १०० पॉइंट बाजूच्या ठोकळ्यात १० लाख पॉइंट, कडेचे दोन थर धरले तर पाठवायचे साधारण १.२ लाख. मशीन आठपट केल्या की ठोकळ्याची बाजू ५० ची, १.२५ लाखांतले ३० हजार, म्हणजे पाठवायचा वाटा १२ टक्क्यांवरून थेट २४. आणि ६० सेकंदांच्या हादऱ्याला असे ३०-४० हजार स्टेप होतात. चांगला कोड कडेचं गणित आधी करून पाठवतो आणि ते पोचेपर्यंत आतलं उरकतो, पण ऐरोली ते महापे केबलवर एवढा वेळ भरून निघत नाही, म्हणूनच सुपरकॉम्प्युटरच्या मशीन एका जागी खास नेटवर्कने जोडलेल्या असतात.

जीपीयूने (एकदम खूप गणितं करणाऱ्या चिपने) फरक पडतो, पण या कामात बराच वेळ मेमरीतून आकडे आणण्यातच जातो.

या गणितात आपल्याकडे खरा प्रश्न खाडीच्या चिखलाचा आहे. बेसॉल्टमध्ये (आपल्याकडच्या काळ्या खडकात) शिअर वेव्ह, म्हणजे जमीन आडवी हलवणारी लाट, सेकंदाला किलोमीटरांत धावते, मऊ चिखलात २०० मीटरच्याही खाली येऊ शकते, तिथे २ हर्ट्झची (सेकंदाला दोनदा हलणारी) लाट जेमतेम १०० मीटर लांब, ती नीट पकडायला १०-२० मीटरचं ग्रिड (पॉइंटांची जाळी) लागतं, आणि २० चं १० केलं की पॉइंट आठपट, टाइमस्टेप निम्मी, काम १६ पट. जास्तीची ताकद खर्च होते ती इथे. शिवाय वाशी-कोपरखैरण्यात कुठल्या प्लॉटखाली चिखल किती जाड हे बोअरहोल मारूनच कळतं. तुमच्या बिल्डिंगचा सॉइल रिपोर्ट सोसायटीच्या फाइलमध्ये असेल तर मागून बघा, खडक किती खोलीवर लागला ते त्यात मिळेल.