सात लिंबं आणि एक मिरची

दर वर्षी ९ जुलैला सकाळी सातच्या ठोक्याला माझ्या मामेभावाचा मेसेज येतो. त्यात फक्त दोन आकडे असतात. ७-१. गुड मॉर्निंग नाही, घरचे कसे आहेत नाही. २०१४ पासून हे चालू आहे.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडं तालमीत कुस्ती असते आणि तालमीच्याच नावाचा फुटबॉल संघही असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण... शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली दुकानं अर्धी मिटतात. त्यातून उरलेली भांडणाची ताकद दर चार वर्षांनी ब्राझील आणि अर्जेंटिनावर खर्च होते. मी ब्राझीलचा, मामेभाऊ अर्जेंटिनाचा. दक्षिण अमेरिका राहू दे, मी तोवर दक्षिणेला बेळगावच्या पुढंसुद्धा गेलेलो नव्हतो.

तर ती रात्र. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंतेला संध्याकाळचे पाच, आपल्याकडं रात्रीचा दीड. २०१४ च्या वर्ल्डकपची सेमीफायनल, समोर जर्मनी. बाहेर धो धो पाऊस. मणक्याला मार लागल्यामुळं नेमार नाही, दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळं कप्तान थियागो सिल्वा नाही. राष्ट्रगीताला दाविद लुईझ आणि गोलकीपर जुलिओ सेझार नेमारचा शर्ट हातात धरून उभे. आम्ही पोरं भारावलो होतो. आज वाटतं, तिथंच कळायला पाहिजे होतं. मॅचला निघालेली टीम शोकसभेला आल्यासारखी दिसत होती.

अकराव्या मिनिटाला जर्मनीच्या म्युलरचा गोल. ठीक आहे म्हटलं, एकच. तेविसाव्या मिनिटाला क्लोजा, वर्ल्डकपमधला त्याचा सोळावा, आणि ब्राझीलच्याच रोनाल्डोचा पंधराचा विक्रम आमच्याच अंगणात मोडला. मग चोविसाव्याला क्रूस, सव्विसाव्याला परत क्रूस, एकोणतिसाव्याला खेदिरा. सहा मिनिटांत चार. मॅचमधला चौथा गोल मी अजून डोळे मिटून सांगू शकतो. आमच्या फर्नांदिन्योच्या पायातनं क्रूसनं बॉल काढून घेतला, खेदिराला दिला, परत घेतला आणि जाळ्यात सरकवला. एवढ्या निवांतपणे, की मला आधी रिप्ले चाललाय असं वाटलं.

आतल्या खोलीतनं आबांनी विचारलं, "किती झाले रं?"
"पाच."
"अरे वा! कुणी कुणी मारले?"
कुणी उत्तर दिलं नाही. आबा समजले, कूस बदलून झोपले.

सेकंड हाफला शुर्लेनं आणखी दोन घातले, नव्वदाव्या मिनिटाला ऑस्करनं एक परत केला. स्पर्धेच्या मॅचमध्ये घरच्या मैदानावर ब्राझील १९७५ नंतर हरलेलं नव्हतं. हरले ते असे.

सकाळी दूध आणायला चौकात गेलो. आम्ही वर्गणी काढून लावलेला नेमारचा कटआऊट पावसात उभा होता, आणि गळ्यात माळ. सात लिंबं, खाली एक मिरची. लिंबं मोजेपर्यंत मला वाटलं, कुणीतरी मायेनं दृष्ट काढलीय.

मामेभाऊच तो. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. चार दिवसांनी, १३ जुलैच्या रात्री, फायनलला रिओच्या माराकाना स्टेडियमवर जर्मनीच्या गोत्झेनं ११३ व्या मिनिटाला अर्जेंटिनाला घरी पाठवलं, तेव्हा मी त्याच्या दारात फटाक्यांची माळ लावली. आपल्याला सात घालणाऱ्या जर्मनीसाठी फटाके! तो कट्ट्यावर गप्प बसला होता. एवढंच म्हणाला, "संपली का माळ? अजून असली तर लाव." त्या क्षणी मी किती हलकट दिसत असेन, हे आठवलं की आजही कान गरम होतात.

नंतर वाचत गेलो तसा १९५० च्या वर्ल्डकपपर्यंत पोचलो. माराकानातच, १६ जुलैला, ब्राझीलला वर्ल्डकप जिंकायला नुसती बरोबरी पुरे होती. उरुग्वेनं २-१ नं हरवलं. शेवटचा गोल घिजियाचा. तो क्रॉस, म्हणजे बाजूनं गोलसमोर पास, टाकेल म्हणून गोलकीपर बार्बोसा किंचित पुढं सरकला आणि बॉल जवळच्या खांबालगत आत गेला. एक पाऊल चुकलं. त्या एका पावलासाठी बार्बोसाला लोकांनी मरेपर्यंत, म्हणजे २००० सालापर्यंत सोडलं नाही. आपल्या देशात जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास भोगतोय, असं तो म्हणायचा. त्या पराभवानंतर संघाचा पांढरा शर्टही अपशकुनी ठरला, आणि वर्तमानपत्रानं घेतलेल्या स्पर्धेतनं आजचा पिवळा शर्ट आला. त्याचं डिझाइन काढलं उरुग्वेच्या सीमेलगतच्या गावात वाढलेल्या एका पोरानं, आणि त्याचा जीव उरुग्वेवर! मी अंगात घालून मिरवतो तो शर्टसुद्धा एका पराभवाचंच पोर आहे.

आणि २०१४ ला? स्ट्रायकर फ्रेडला शिट्ट्या बसल्या, कोच स्कोलारींचं पद गेलं, दाविद लुईझ कॅमेऱ्यासमोर रडून माफी मागत होता. पण बार्बोसा कुणाचाच झाला नाही. उलट तिथल्या लोकांनी त्या पराभवाची म्हणच करून टाकली. एकावर एक संकट आलं की म्हणतात, 'गोल दा अलेमान्या', जर्मनीचा आणखी एक गोल. घरात पाईप फुटला, त्यात लाईट गेली, गोल दा अलेमान्या.

माझं मत असं, की एका गोलानं हरलं की माणूस आरोपी शोधतो. पंचानं ते दिलं असतं तर, गोलकीपर जागेवर असता तर. सहाच्या फरकात कुणाकुणाला धरणार? तिथं हसावंच लागतं, आणि हसलं की माणसं वाचतात. आमच्याकडं शेवटच्या मिनिटाच्या एका पेनल्टीवरनं दगड उडालेले मी बघितलेत. सात-आठ गोल खाल्लेल्या संघाची पोरं मात्र मॅच संपायच्या आधीच मिसळीच्या गाड्यावर दिसतात.

आणि चिडवणाऱ्यांनाही हिशोब आहेच की. २००९ ला ला पाझच्या उंचीवर मॅराडोना कोच असताना बोलिव्हियानं अर्जेंटिनाला ६-१ नं धुतलं होतं. हे मी मामेभावाला आठवड्यातनं एकदा तरी ऐकवायचो. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी ब्युनोस आयर्सला आम्हाला ४-१ नं मारल्यापासून तेवढं कमी केलंय.

यंदाच्या ९ जुलैला सात वाजले, मेसेज नाही. साडेसात, नाही. आठला मी बायकोला म्हटलं, "काय झालं असेल गं याला?" ती म्हणाली, "फोन करा की." लावला तर लागेना. साडेआठपर्यंत मी दोनदा चहा घेतला आणि मामींना फोन करायचा की नको, यावर अडलो.

पावणेदहाला आला. पहाटेच गाडी घेऊन रत्नागिरीला निघाला होता, आंबा घाटात रेंज नव्हती. ७-१, आणि खाली ओळीनं सात लिंबं.

मिरची विसरला होता. ती मी पाठवली.